दीडची भरती

“आधी हँडब्रेक बघा,” काकू म्हणाल्या. “ओढलाय का ते.”

मोटरसायकल स्टँडवर लावून मी पान्यांची पिशवी खांद्यावरून अजून उतरवलीही नव्हती. खैरनारकाका गाडीच्या दारात उभे होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“ओढलाय,” ते म्हणाले. “मी तीनदा बघितलं, हेमा.”

“मग चौथ्यांदा त्यांना बघू द्या.”

मी ड्रायव्हरच्या बाजूने आत डोकावलो. हँडब्रेक ओढलेला होता, गिअर न्यूट्रलला होता, चावी हवी तितकीच फिरवलेली होती. पाय वर घ्यायला जे जे करावं लागतं ते सगळं काकांनी केलेलं होतं. मी तसं सांगितलं. काकांनी विजयी मुद्रेनं बायकोकडे बघितलं. काकू समुद्राकडे बघायला लागल्या.

पाय म्हणजे जॅक. मुकुंद खैरनार हे नाशिकचे, पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर लोक देवदेव करतात, काकांनी एक मिनीबस घेतली आणि तिचं चालतंफिरतं घर केलं. आत पलंग, ओटा, फ्रिज, एवढंसं न्हाणीघर. गाडी कुठेही उभी केली की खालून चार हायड्रॉलिक जॅक उतरायचे आणि ते घर समपातळीत धरून ठेवायचे, म्हणजे पलंगावरून माणूस घरंगळत नाही आणि दुधाचं पातेलं कलंडत नाही. आमच्या वेळसईतल्या लोकांनी पहिल्याच दिवशी त्या जॅकना पाय म्हणायला सुरुवात केली. मी जेसीबी आणि टिपरच्या हायड्रॉलिकची कामं करणारा मिस्त्री, मला त्यांचं खरं नाव ठाऊक होतं, पण मीही पायच म्हणायला लागलो.

त्या दिवशी सकाळी आठला हे पाय पुळणीवरच्या कडक वाळूत झकास उतरले होते. साडेदहाला ते वर जायला तयार नव्हते. आणि पाय खाली असताना गाडी बोटभरही हलवता येत नाही. गाडी उभी होती ती जागा दर भरतीला पाण्याखाली जाते. पाणी तेव्हा दीडेकशे पावलांवर होतं, शांत, चमकत.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली.

गोव्याकडे जाता जाता मुक्कामाला थांबलेलं त्यांचं ते घर दोन रात्री माझ्या अंगणात माडाखाली उभं होतं. आदल्या संध्याकाळी काका टायरची हवा तपासत होते तेव्हा काकू माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हळू आवाजात त्यांनी मला सगळं सांगितलं. काकांच्या वडिलांना सत्तरीत विस्मरण झालं होतं. शेवटी शेवटी ते स्वतःच्या घरातून उठून शेजाऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचे आणि म्हणायचे, मला घरी सोडा. काका आता एकोणसत्तर वर्षांचे होते. मुलगा म्हणत होता, गाडी चालवणं बंद करा. काकूही तेच म्हणत होत्या. काका म्हणत होते, पुरावा दाखवा.

“मग शेवटी आमचा करार झाला,” काकू म्हणाल्या. “गोव्यापर्यंत एकही चूक झाली नाही तर पुढं कन्याकुमारीला जायचं. एक जरी चूक झाली तर चावी माझ्या हातात. कायमची.”

“आणि चूक कुणी ठरवायची?”

“ते इंजिनिअर आहेत ना. म्हणाले, चूक सिद्ध झाली पाहिजे. मोघम चालणार नाही.”

मला तेव्हा हसू आलं होतं. पुळणीवर उभं राहिल्यावर ते हसू मावळलं. मी गाडीच्या ज्या ज्या भागाला हात लावणार होतो, तो तो भाग काकांच्या बाजूने किंवा त्यांच्या विरुद्ध साक्ष देणार होता. हँडब्रेकने बाजूने दिली होती.

मी वर घ्यायचं बटण दाबलं. काहीच नाही. या यंत्राची रीत सोपी असते. खाली येताना पंप तेल ढकलतो आणि पाय उतरतात. वर जाताना पंपाचं काम नसतं. चार पायांच्या चार झडपा वीज मिळाली की उघडतात, तेल टाकीत परत जातं आणि स्प्रिंगा पाय ओढून घेतात. झडप उघडली की टक्‌ असा आवाज येतो. इथं एकही टक्‌ आला नव्हता.

मीटर लावला. पाय, दिवे, फ्रिज यांच्यासाठी जी वेगळी बॅटरी होती ती अकरा व्होल्टच्या खाली गेली होती.

“काय चालू राहिलं होतं?” काकूंनी लगेच विचारलं. “दिवा? पंखा?”

“फ्रिज,” काका म्हणाले. “फ्रिज बंद करायचा नसतो. तुझं दही असतं त्यात.”

“काकू, बॅटरीच म्हातारी झालीय,” मी म्हणालो. “कुणी काही विसरलेलं नाही. काका, इंजिन चालू करा.”

इंजिन सुरू झालं, मीटरचा आकडा चढला. मी परत बटण दाबलं. टक्‌, टक्‌, टक्‌. तीन पाय सुस्कारा टाकल्यासारखे वर गेले. चौथा गेला नाही. गाडी एका कुशीवर कलली आणि आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मागचा उजवा पाय वाळूत तसाच रुतून उभा, आणि सगळी गाडी त्या एका पायावर रेललेली.

“तीनच टक्‌ वाजले,” काका म्हणाले. त्यांनी आवाज बरोबर मोजले होते. “चौथ्या झडपेला वीज जात नाही, नाहीतर झडप उघडणारी कॉइल गेलीय. प्लग अदलाबदल करून बघा. पुढच्या पायाचा प्लग मागच्याला लावा.”

मी तेच करणार होतो. पण माझ्या तोंडातून निघायच्या आत त्यांनी सांगितलं, आणि मला जरा चीडच आली. मी गाडीखाली सरपटलो, प्लग बदलले. काकांनी वरून बटण दाबलं. पुढची झडप मागच्या वायरवर टक्‌ वाजली. मागची पुढच्या वायरवरही मुकीच राहिली. म्हणजे वायर ठीक, कॉइल मेलेली. खोलून बघितली तर आत हिरवट खार साचला होता. किनाऱ्याकिनाऱ्यानं पंधरा दिवस गाडी हाकल्यावर दुसरं काय होणार. आमच्याकडे देवळाच्या घंटेलाही गंज चढतो.

मी बाहेर येऊन कॉइल काकांच्या हातावर ठेवली.

“तुमची काही चूक नाही, काका. खाऱ्या हवेनं खाल्लीय.”

काका ती कॉइल घेऊन दारापर्यंत गेले आणि काकूंच्या समोर धरली. “ऐकलंस? सिद्ध झालं.”

“ऐकलं,” काकू म्हणाल्या. बाई आनंदायला हव्या होत्या, पण त्यांचा चेहरा काही खुलला नाही. त्या वेळी मला वाटलं, घाबरल्यात.

अशा वेळेसाठी प्रत्येक झडपेला एक स्क्रू असतो. वीज नसली तरी तो हाताने फिरवला की झडप उघडते आणि तेल सुटतं. मी परत खाली गेलो. स्क्रूही खारानं जाम झाला होता. गंज सोडवायचं तेल मारलं, थांबलो, पाना लावला, जोर केला. दुसऱ्या झटक्याला स्क्रूचं डोकंच झिजून गुळगुळीत झालं. शिवी घशापर्यंत आली होती, काकूंमुळे गिळली.

आता एकच वाट होती, आणि ती मला आवडणारी नव्हती. पायाकडे जाणाऱ्या नळीचा नट सैल करून तेल बाहेर सोडायचं. त्या नळीत गाडीच्या मागच्या भागाचं वजन दाबून बसलेलं असतं. नट एकदम सुटला तर तेलाची धार चामडी फाडून आत जाते. टिपरखाली एका माणसाचा तळहात मी तसा बघितलेला आहे. आणि तेल सुटलं की गाडी धपकन खाली बसणार, ती नेमकी नट सोडणाऱ्याच्या डोक्यावर.

“आधी टेकू द्यायचा,” मी म्हणालो. “स्टेपनी काढा. फळ्या आहेत?”

“चार आहेत,” काका म्हणाले. “मी सोडतो नट. मला त्याची कल्पना आहे. तुम्ही तरुण माणूस, घरी आई आहे तुमची.”

“अहो, तुम्ही अजिबात खाली जायचं नाही,” काकू ओरडल्या.

त्या ओरडल्या त्याच वेळी मागून ट्रॅक्टरचा आवाज आला. भास्कर चौगले होड्या ओढायचा ट्रॅक्टर घेऊन वरच्या अंगानं येत होता. भास्कर माझ्याबरोबर शाळेत होता. वडिलांच्या पाठीमागे तोही खलाशी झाला. त्याने ट्रॅक्टर थांबवून आधी गाडीकडे बघितलं, मग समुद्राकडे, मग माझ्याकडे.

“अरे विश्राम, हा डबा हय कोणी आणून लावलान?”

“पाय अडकलाय एक,” मी म्हणालो. “निघतोय अर्ध्या तासात.”

“अर्धा तास? अरे, डोळे हायत काय तुला? मागं बघ जरा!”

मी वळून बघितलं. दीडशे पावलांवरचं पाणी तीस पावलांवर आलं होतं. गाडीखाली पडलेल्या माणसाला फक्त लोखंड दिसतं. घड्याळात साडेअकरा झाले होते.

“उधाण हाय,” भास्कर म्हणाला. “दीडला पुरी भरती. बारा वाजता हय गुडघाभर पाणी झाला समज.”

“दीडला?” काका म्हणाले. त्यांनी स्टेपनी तशीच सोडून दिली. “नाही हो. सव्वादोनला. आम्ही बाराला निघायचं म्हणूनच इथं लावली. विश्रामभाऊ, सकाळी मी तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही सव्वादोन म्हणालात. म्हणालात, खालीच लावा, वाळू कडक आहे, काकूंना पाण्यात पाय सोडून बसता येईल.”

भास्कर माझ्याकडे बघायला लागला. समुद्राकाठी जन्मलेल्या माणसानं पाहुण्याला भरतीची वेळ चुकीची सांगणं म्हणजे सुतारानं स्वतःच्या घराचं दार उलटं बसवण्यासारखं आहे. ती गोष्ट संध्याकाळपर्यंत साऱ्या वाडीत होते आणि मुलांच्या मुंजीपर्यंत पुरते. काकूही दारातून बघत होत्या.

“दीड म्हणालो होतो, काका,” मी म्हणालो.

काकांनी समुद्राकडे बघितलं. “दीड,” ते म्हणाले. मग परत, स्वतःशीच, “दीड.” त्यांचा हात कपाळाकडे गेला आणि तिथंच राहिला. पंधरा मिनिटांपूर्वी कॉइल मिरवणारा माणूस बघता बघता एकदम थकला.

मी तिथं उभा राहू शकलो नाही. फळ्या घेऊन गाडीखाली घुसलो.

पुढचा पाऊण तास मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. भास्करनं ट्रॅक्टर गाडीच्या पुढं आणून दोर बांधला. आम्ही दोघांनी चासीखाली, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याखाली, फळ्या रचल्या, वर स्टेपनी सरकवली. काकू आतून उश्या, पातेली, औषधांचा डबा असं एकेक आणून वरच्या वाळूवर ठेवत होत्या, गुडघे दुखत असूनही. काका सांगितलेलं काम चोख करत होते. मी म्हणालो, पायाखालची वाळू उकरा, तर ते घरातली केरभरणी घेऊन आले आणि गुडघ्यांवर बसून वाळू काढायला लागले. एरवी मी या दृश्याला पोट धरून हसलो असतो.

पहिलं पाणी आलं ते माझ्या पाठीखालून, गार, जवळजवळ लाडानं. परत गेलं तेव्हा माझ्या खांद्याखालची वाळू घेऊन गेलं.

“काका, आता बाजूला व्हा.”

“तुम्ही हात लांब ठेवा,” ते म्हणाले. “नटाच्या समोर नको, बाजूनं धरा. आणि पोत्यानं झाका, धार उडाली तर पोत्यात जाईल.” त्यांनी ओलं गोणपाट माझ्या हातात दिलं. मला ते सुचलं नव्हतं.

पाना लावला. नट हलेना. दुसरी लाट आली, कानात पाणी गेलं, जगाचा आवाज बंद झाला. मी डोकं उचललं आणि परत जोर केला. पाव आटा फिरला. गोणपाटातून फुस्स आवाज आला आणि गरम तेल मनगटावर ओघळलं. आणखी पाव आटा. तेल आता पाण्यावर पसरून इंद्रधनुष्यासारखं चमकत होतं. गाडी कण्हली. मी पाना सोडून लोळत बाहेर पडलो आणि गाडी फळ्यांवर धाडकन बसली. वरची फळी मधोमध मोडली. खालच्यांनी वजन धरलं.

“पाय वर गेला का?” काकूंनी विचारलं.

अर्धाच गेला होता. स्प्रिंगमध्ये वाळू भरली होती. मी आणि भास्करनं पहार घातली, पाय वर दाबला आणि काकांनी खाली वाकून नायलॉनची दोरी चासीला आवळून बांधली. पाणी त्यांच्या मांड्यांपर्यंत होतं. दोरीला त्यांनी जी गाठ मारली ती पक्की होती. मी मुद्दाम ओढून बघितली.

“जाऊ दे!” भास्कर ट्रॅक्टरवर चढला. काका ड्रायव्हरच्या सीटकडे निघाले आणि दारापाशी थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“तुम्ही बसा,” ते म्हणाले.

“काका, गाडी तुमची आहे. तुम्हालाच...”

“तुम्ही बसा म्हटलं ना.”

मी स्टिअरिंगला बसलो. पहिल्या झटक्याला दोर ताणला आणि चाकं खोल गेली. दुसऱ्या झटक्याला गाडी हलली, थांबली, परत हलली. लाट मागच्या दारावर आपटली. मग एकदम चाकांना कोरडी वाळू सापडली आणि आम्ही सुरूच्या बनापाशी वर आलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. भास्कर ट्रॅक्टरवरून उतरून नुसता वाळूत बसला. गाडी जिथं होती तिथं पाणी कंबरेच्या वर होतं.

काकांनी माझ्या हातून चावी घेतली. काकू सुरूच्या खोडाला टेकून उभ्या होत्या. काका त्यांच्यासमोर गेले, चावी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि वरून त्यांची बोटं मिटली.

“सिद्ध झालं,” ते म्हणाले.

दुपारभर ते माझ्या ओटीवर खुर्चीत बसून होते. चहा दिला तर प्यायले. कॉइल मिळवायला चिपळूणला फोन करू का विचारलं तर म्हणाले, सावकाश. मुलानं नाशिकहून फोन करून चिपळूणचा एक ड्रायव्हर ठरवला, तो दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता.

मी मागच्या नळावर हाताचं तेल काढत बसलो. साबण संपत आला, तेल निघेना. काकू भांडी घासायची पावडर घेऊन आल्या आणि चिमूटभर माझ्या हातावर टाकली.

“काकू,” मी म्हणालो, “मला तुम्हाला एक सांगायचंय.”

“सकाळी फोन स्पीकरवर होता,” काकू म्हणाल्या. “मी चहा गाळत होते. तुम्ही सव्वादोनच म्हणालात.”

माझ्या हातातली पावडर पाण्यात वाहून गेली. हो, मी सव्वादोन म्हणालो होतो. काकांचा फोन आला तेव्हा मी चिरेखाणीवर जेसीबीच्या पोटात होतो, फोन खांद्यानं कानाशी धरलेला. आमच्याकडे भरतीचा हिशेब पोरालाही येतो. पौर्णिमेला आणि अमावास्येला बारा वाजता पूर्ण भरती. पुढं जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तितके वाजता भरती. पौर्णिमा रविवारी झाली होती. मी बोटांवर मोजलं, सोमवार एक, मंगळवार दोन, बुधवार तीन. तृतीया. तीन पाऊण सव्वादोन. त्या पंधरवड्यात द्वितीया दोन दिवस आली होती, मंगळवारीही आणि बुधवारीही. कॅलेंडरवर ते छापलेलं होतं. मी कॅलेंडर बघायचे कष्ट घेतले नाहीत. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

“मग तुम्ही तिथं बोलला का नाहीत?” मी विचारलं. माझा आवाज मलाच लबाड वाटला. बोलायला मीच हवा होतो.

“परवा कशेडी घाटात समोरून ट्रक येत होता,” काकू म्हणाल्या. “आणि यांनी मला विचारलं, हेमा, आपण कुठं चाललोय? गमतीनं नव्हे. खरंच विचारलं. मग पुढच्या वळणाला परत सगळं ठीक. मी रात्री सांगितलं तर म्हणाले, मी असं विचारलंच नाही. पुरावा दाखव. घाटातल्या बोलण्याचा कुठून पुरावा आणू?” त्यांनी नळ बंद केला. “मी पंधरा दिवस डोळ्याला डोळा लावलेला नाही, विश्रामभाऊ. आज तुम्ही खोटं बोललात आणि मला वाटलं, देवानंच जीभ दिली तुमच्या तोंडात.”

“त्यांना वाटेल, ते वडिलांसारखेच...”

“वाटू दे. जिवंत राहून वाटू दे.” त्या रडत नव्हत्या. “तुम्ही काही बोलू नका.”

मला सुटल्यासारखं वाटलं. आधी तेच वाटलं, आणि त्याची लाज त्यानंतर. लाज अजून आहे.

गुरुवारी सकाळी ड्रायव्हर आला. नवीन कॉइल मिळाली नव्हती, म्हणून पाय दोरीनंच बांधलेला ठेवला आणि पाय उतरवायचं बटण मी चिकटपट्टीनं झाकून टाकलं. काकू गाडीत जाऊन बसल्या. काका निरोप घ्यायला ओटीवर आले, माझ्या आईला नमस्कार केला आणि आई आत गेल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे राहिले.

“तुम्ही लोक भरती कशी काढता?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. तिथीची पाऊणपट.

“छान आहे. सोपं आहे.” त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवलं. “पौर्णिमा रविवारी. सोमवारी प्रतिपदा. मंगळवारी द्वितीया.” बोट पुढच्या चौकटीवर गेलं आणि थांबलं. “बुधवारी पण द्वितीयाच आहे. दोन पाऊण दीड. बरोबर.”

“हो.”

“पण कुणी बोटांवर मोजलं असतं तर तृतीया आली असती. सव्वादोन.”

माझ्या कानांत आग झाली होती. काका वळले. त्यांच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. ते मला नीट निरखून बघत होते, जुना नकाशा बघावा तसे. मग त्यांनी अंगणात बघितलं. गाडीच्या खिडकीतून काकू आमच्याकडेच बघत होत्या.

“घाटात मी तिला काय विचारलं, ते सांगितलं तिनं तुम्हाला?”

मी मान डोलावली.

“मला ते आठवत नाही,” काका म्हणाले. “आणि ती खोटं बोलत नाही. सदतीस वर्षांत बोललेली नाही.” त्यांनी परत कॅलेंडरकडे बघितलं. “सव्वादोन मात्र मला स्पष्ट आठवतंय.”

“काका, मी...”

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“कुणी विचारलं तर दीडच सांगायचं,” ते म्हणाले. “तिनं विचारलं तरी.”

मग ते पायऱ्या उतरले, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेले आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसले.